रेंज फुल्ल, नेट गुल

कांदाचाळीवर कॅमेरा बसवायचा तर निफाड-येवल्याकडच्या शेतकऱ्याला आज काय काय ठाऊक असावं लागतं? उन्हाळ कांद्याचा भाव, निर्यातशुल्काचा ताजा हुकूम आणि पीडीपी टाइप. पहिल्या दोन गोष्टी निदान पेपरात छापून येतात. तिसरी सिमकार्डवाल्या राउटरच्या पोटात, ‘ॲडव्हान्स्ड’ नावाच्या बटणामागे दडलेली असते. तिथे टिचकी मारली की एक यादी खाली उघडते. नेटवर्ककडून कोणत्या प्रकारचा पत्ता घ्यायचा, त्याचे तीत तीन पर्याय: आयपीव्ही४, आयपीव्ही६, आयपीव्ही४व्ही६. निवडा.

निवडायचं त्या शेतकरी काकांनी. काकांच्या शेजारी उभा असलेला दुकानातला पोरगाही निवडणार नाही, कारण त्याला राउटर विकायचा होता, समजून घ्यायचा नव्हता.

जगभरच्या इंजिनिअरांनी, मोबाइल कंपन्यांनी आणि सरकारांनी मिळून वर्षानुवर्षं पुढे ढकललेला एक निर्णय त्या यादीत येऊन पडला आहे. कुणीच घेईना, म्हणून तो मेनूत टाकून दिला. गिऱ्हाइकाला निवडीचं स्वातंत्र्य मिळालं ते असं.

दुकानातला संवाद सगळ्या तालुक्यांत एकच असतो.

“दादा, हेच सिम फोनमध्ये टाकलं की नेट पळतंय.”

“मग काका, सिम ओके आहे.”

“राउटरमध्ये टाकलं की बंद. रेंज फुल्ल दाखवतोय, पण काहीच उघडत नाही.”

“मग राउटर बघावा लागेल.”

“राउटर तुझ्याकडूनच नेलाय परवा.”

“मग सेटिंग असेल.”

सेटिंगच असते. फरक एवढाच, की फोनची सेटिंग कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते. सिम आत गेलं की फोन त्यावरचा देशाचा आणि कंपनीचा क्रमांक वाचतो आणि आपल्याजवळच्या लांबलचक यादीतून त्या कंपनीची ओळ उचलतो. जिओ असेल तर ‘जिओनेट’, एअरटेल असेल तर ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, बीएसएनएल असेल तर ‘बीएसएनएलनेट’. हे झालं एपीएन, म्हणजे मोबाइलच्या जाळ्यातून इंटरनेटकडे नेणाऱ्या दाराचं नाव. स्वस्तातल्या राउटरमधली यादी कारखान्यातून निघाली त्या दिवशीच गोठलेली असते, आणि कधीकधी त्या यादीत भारत नावाचा देशच नसतो.

या एपीएनला नेटवर्क आपल्या बाजूने एक शेपूट जोडतं. कंपनीचा क्रमांक, देशाचा क्रमांक (आपला बहुधा ४०४ किंवा ४०५) आणि शेवटी ‘जीपीआरएस’. जीपीआरएसवर वॉलपेपर उतरवणारी पिढी आता गुडघेदुखीची औषधं शोधते, पण ४जीत शेपूट तेच राहिलं. ५जीवाल्यांनी एपीएनचं नवं बारसं करून त्याला डीएनएन म्हटलं. प्रगती, प्रगती म्हणतात ती हीच.

खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. राउटरने चुकीची मागणी केली तर नेटवर्क गप्प बसत नाही. नकार देताना ते कारण कळवतं, तेही आकड्यात. २७ म्हणजे एपीएनचं नाव चुकलं किंवा दिलंच नाही. २९ म्हणजे युजरनेम-पासवर्ड जुळला नाही. ३३ म्हणजे ही सेवा तुमच्या प्लॅनमध्ये बसत नाही. ५० म्हणजे इथे फक्त व्ही४ मिळेल, ५१ म्हणजे फक्त व्ही६. इतकं स्वच्छ, इतकं तत्पर उत्तर आपल्याकडे तलाठी कार्यालयातसुद्धा मिळत नाही. पलीकडून सेकंदभरात आलेलं हे उत्तर राउटरमधला मोडेम वाचतो, त्याला ते कळतं, आणि मग राउटरचा पडदा आपल्याला त्याचा सारांश सांगतो: ‘डिस्कनेक्टेड’.

बस्स, एवढंच. आजार नेमका सांगणारा कागद आतल्या आत फाडायचा आणि रोग्याला म्हणायचं, तुम्ही आजारी आहात. मग काका कस्टमर केअरला फोन लावतात. तिथली ताई सांगते, “सर, सिम काढून पुन्हा टाका.” ते झालं की, “सर, तुमच्या भागात नेटवर्कचं काम चालू आहे.” ५१ हा आकडा ना तिला दिसतो, ना काकांना. ज्या कुणी त्या पडद्याची रचना केली त्याला ‘५१: या सिमवर व्ही६ निवडा’ अशी एक ओळ छापायला किती खर्च आला असता? पण मग गिऱ्हाइकाला आपण अडाणी आहोत असं वाटलं नसतं, आणि ते वाटणं या धंद्यात फार उपयोगी पडतं.

आता हे चार आणि सहा आले कुठून, ते बघू. (पाच क्रमांक एका प्रायोगिक प्रोटोकॉलला देऊन झाला होता. तो चालला नाही. कुणी विचारलं तर सांगता येईल.)

सप्टेंबर १९८१ मध्ये आयपीव्ही४ चा जो मसुदा पक्का झाला त्यात पत्त्यासाठी ३२ बिट ठेवले. म्हणजे एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. हा आकडा ठरवणाऱ्यांपैकी व्हिंट सर्फ यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे, की ते तेव्हा एक प्रयोग करत होते आणि प्रयोगाला एवढे पत्ते पुरेसे वाटले. प्रयोग संपलाच नाही, हा त्यांचा दोष नव्हे. पण वाटपाची शिस्त बघा. फोर्ड, ॲपल, एमआयटी अशा एकेका संस्थेला १ कोटी ६७ लाखांचा अख्खा गठ्ठा. १२७ ने सुरू होणारा तेवढाच गठ्ठा यंत्राने स्वतःशीच बोलावं म्हणून. आणि २४० पासून पुढचे तब्बल २६ कोटी ८४ लाख पत्ते भविष्यासाठी राखीव. भविष्य आलं, तेव्हा कळलं की जुनी यंत्रं ते पत्ते स्वीकारतच नाहीत. सिडकोलाही हेवा वाटावा असं नियोजन.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा वाटाही शेवटच्या गठ्ठ्यावर आला. तेव्हापासून त्यातून एका संस्थेला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते असा शिधा सुरू झाला. आणि उपाय? तो डिसेंबर १९९५ मध्येच कागदावर तयार होता. आयपीव्ही६, १२८ बिट, पत्ते इतके की मोजायला शब्द कमी पडावेत. पंधरा वर्षं तो पडून राहिला, कारण एकच अडचण होती: चारवाल्याला सहावाल्याशी थेट बोलता येत नाही. सगळ्यांनी एकदम बदललं तर फायदा, एकट्याने बदललं तर नुसता खर्च. १ जानेवारी १९८३ ला इंटरनेटचं पूर्वज असलेलं अर्पानेट एका दिवसात जुना प्रोटोकॉल टाकून नव्यावर गेलं होतं, पण तेव्हा यंत्रं मोजकी होती आणि हुकूम देणारा एकच होता.

आपल्याकडे हुकूम देणारे पुष्कळ होते. जुलै २०१० मध्ये दूरसंचार विभागाने राष्ट्रीय आराखडा काढला. मोठ्या कंपन्यांनी डिसेंबर २०११ पर्यंत व्ही६ द्यावा, केंद्र आणि राज्यांच्या सगळ्या खात्यांनी मार्च २०१२ पर्यंत तो वापरू लागावा. मार्च २०१२ आला आणि गेला. २०१३ मध्ये आराखड्याची दुसरी आवृत्ती आली, नव्या तारखांसह. २०२१ मध्ये पुन्हा नव्या तारखा: सरकारी कार्यालयांना जून २०२२. एखाद्या पुस्तकाच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या असत्या तर लेखकाचा सत्कार झाला असता.

घडलं ते वेगळ्याच वाटेने. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. त्यांच्याकडे सांभाळायला जुनं २जी-३जी नव्हतं, आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत गिऱ्हाइकं दहा कोटींच्या पलीकडे गेली. १,०२४ चा शिधा आणि दहा कोटी तोंडं, हे गणित चौथीच्या पोरालाही सुटतं. म्हणून त्यांनी थेट व्ही६ धरला. त्याच वर्षी १ जूनपासून ॲपलने नियम केला होता, की नुसत्या व्ही६ वर न चालणारं ॲप आम्ही दुकानात ठेवणार नाही. आज व्ही६ च्या वापरात भारत जगात अगदी पुढच्या रांगेत आहे. आराखड्याच्या दोन्ही आवृत्त्यांनी जे केलं नाही, ते टंचाईने केलं. दूरसंचार विभाग याचंही श्रेय घेतो, आणि घेऊ द्यावं. त्यांना फार थोडं मिळतं.

मग काकांचं घोडं कुठे अडलं? फोनमध्ये.

म्हणजे असं, की नुसत्या व्ही६ च्या जाळ्यात व्ही४ वाली जुनी ॲपं चालावीत म्हणून फोनच्या आतच एक दुभाषी बसवलेला असतो. त्याचं नाव ४६४एक्सलॅट, जन्म २०१३. अँड्रॉइडमध्ये तो त्याच वर्षी आला. ॲप चारच्या भाषेत बोलतं, हा ते सहात करून पाठवतो, पलीकडे कंपनीचा दुभाषी ते पुन्हा चारात आणतो. फोनवाल्याला याचा पत्ताच लागत नाही. दोन हजारांच्या राउटरमध्ये हा दुभाषी असेलच असं नाही. आणि त्याला जोडलेल्या कॅमेऱ्याला तर सहा नावाची भाषा असते हेच माहीत नसतं. ‘फोनमध्ये चालतंय की!’ हा काकांचा हुकमी मुद्दा इथे फसतो. चालतंय, कारण फोन गुपचूप दुप्पट काम करतोय.

दुसरीकडे, व्ही४ निवडलं आणि चाललं, म्हणून हुरळून जाऊ नये. तो पत्ता तुमचा नसतो. चाळ आठवा (कांद्याची नव्हे, गिरगावातली): वर चाळीस बिऱ्हाडं, खाली टपालाची एकच पेटी. तुम्ही पत्र टाकलंत तर उत्तर बरोबर तुमच्या खोलीत येतं, कारण पेटीवाल्याने नोंद ठेवलेली असते. पण बाहेरून कुणी आपणहून पत्र पाठवलं, तर ते कुणाचं हे त्याला कसं कळणार? तो ते फेकून देतो. याला म्हणतात सीजीनॅट. एका खऱ्या पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं कोंबायची. एप्रिल २०१२ मध्ये या कोंबाकोंबीसाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा, सुमारे ४२ लाख पत्त्यांचा एक पट्टा अधिकृतपणे राखूनही ठेवला गेला. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, ट्रॅफिक सिग्नल ओळखा’ असं एखादी साइट सारखी का विचारते, त्याचं एक कारण हेच. तुमच्या पेटीतून दुसऱ्या बिऱ्हाडातल्या कुणीतरी काहीतरी उद्योग केलेला असतो.

कॅमेऱ्याला नेमकं हेच आडवं येतं. काकांचा पुतण्या हिंजवडीत. त्याला तिथून चाळ बघायची आहे. म्हणजे बाहेरून आत यायचं आहे. तो यूट्यूबवरचा व्हिडिओ बघून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करतो, म्हणजे आत यायची दारं उघडतो. एकदा ५५४, एकदा ८०८०, एकदा रागारागाने सगळीच. काही होत नाही. होणार कसं? बंद दार त्याच्या राउटरचं नाही, कंपनीचं आहे, आणि त्याची किल्ली विकत मिळते. तिचं नाव स्टॅटिक आयपी. ती बहुधा व्यावसायिक गिऱ्हाइकालाच मिळते.

यावर कॅमेरा बनवणाऱ्यांनी तोडगा काढला. कॅमेऱ्याने आतून बाहेर जायचं, कारखानदाराच्या सर्व्हरवर. पुतण्याच्या ॲपनेही तिथेच जायचं. दोघांची गाठ तिथे. सर्व्हर कुठे असतो? कित्येकदा देशाबाहेर. निफाडचा कांदा परदेशी जाऊ द्यावा की नाही यावर दिल्लीत बैठकांवर बैठका होतात. त्याच कांद्याचं चित्र रात्रभर बिनशुल्क सीमेपलीकडे जाऊन येतं, त्याची कुणाला खबर नाही.

आणि यातली चीड आणणारी बाब अशी, की व्ही६ वर काकांच्या एका सिमला जो पत्त्यांचा पट्टा मिळतो, तो जुन्या संपूर्ण इंटरनेटच्या पत्त्यांचा वर्ग असतो. चारशे एकोणतीस कोटी गुणिले चारशे एकोणतीस कोटी. एका सिमला! चाळीतल्या प्रत्येक कांद्याला स्वतंत्र पत्ता दिला, तरी पट्ट्याला खरवडल्यासारखंही होणार नाही. एवढी जमीन नावावर असून काका टपालपेटीपाशी उभे, कारण त्यांच्या कॅमेऱ्याला सातबाराच वाचता येत नाही. शिवाय त्या पट्ट्यावर बाहेरून कुणाला येऊ द्यायचं की नाही, तेही कंपनीच्या फायरवॉलच्या मर्जीवर. तरीही हे दार उघडलंच, तर ‘ॲडमिन/ॲडमिन’ आधी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने असेच कारखान्यातले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे कामाला जुंपले होते आणि मोठमोठ्या साइट्स पाडल्या होत्या.

राउटरमधल्या ‘नेटवर्क मोड’ची (२जी, ४जी की ऑटो) भानगड त्या मानाने सोपी. पंपाचा जुना मोबाइल स्टार्टर २जीवर चालतो. जिओकडे २जी नाही, कधीच नव्हतं. तेव्हा त्यात ते सिम घालून टॉवरला शिव्या देण्यात अर्थ नाही. राउटरला ‘ऑटो’वर ठेवा. ४जीची रेंज धड असताना तो सारखा दुसरीकडे पळत असेल तरच ‘फक्त ४जी’.

या सगळ्या आधुनिकतेच्या तळाशी काय आहे, तेही पाहून घ्या. राउटरच्या आत जो मोडेम आहे त्याला अनेकदा आज्ञा दिली जाते ती ‘एटी’ या दोन अक्षरांनी. अमेरिकेतल्या डेनिस हेज यांच्या कंपनीने १९८१ मध्ये स्मार्टमोडेम आणला, तेव्हाची ही पद्धत. टेलिफोनच्या तारेवर करकरणारं ते यंत्र गेलं, तार गेली, टेलिफोनही गेल्यातच जमा. पण ५जीच्या मोडेमलाही आजतागायत ‘एटी’ची भाषा कळते. एपीएन आणि चार-सहाची निवड अशाच एका ‘एटी’ आज्ञेत गुंडाळून त्याला देता येते. पूर्वीचे डोंगल तर इंटरनेट सुरू करायला चक्क नंबर फिरवायचे. सीडीएमएवाल्यांचा #७७७, बाकीच्यांचा *९९#. फिरवायला तबकडी नाही, पलीकडे उचलायला कुणी नाही, तरी नंबर. काही उपकरणांत तो अजून फिरवला जातो.

आता हाच *९९# आपल्या देशात आणखी एका कामासाठी दिलेला आहे. ज्याच्याकडे इंटरनेट नाही, त्याने साध्या फोनवरून बँकेतली शिल्लक बघावी, पैसे पाठवावेत म्हणून. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधनबरोबर पंतप्रधानांनी ही सेवा राष्ट्राला अर्पण केली. म्हणजे मोडेमने फिरवला तर इंटरनेट लागतं, माणसाने फिरवला तर इंटरनेटवाचून भागतं. यंत्र आणि माणूस यांच्यात गोंधळ होत नाही, कारण मोडेम आपला नंबर स्वतःच गिळतो, पुढे पाठवत नाही. पण ज्या कुणी हा नंबर निवडला त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावीशी वाटते. तो विनोद नव्हता, असं कळलं तर वाईट वाटेल.

तर काका, एवढं करा. एपीएन आपल्या कंपनीचं, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. युजरनेम-पासवर्ड कोरे, ऑथेंटिकेशन ‘नन’. पीडीपी टाइप आयपीव्ही४व्ही६. हा पर्याय म्हणजे ‘जे द्याल ते घेतो’, आणि मागणाऱ्याने असंच मागावं. तरीही नेट गुल असेल तर आधी नुसतं व्ही४, मग नुसतं व्ही६. डीएनएस ‘ऑटो’, एमटीयूला हात लावू नका, भाऊबंदांनी सांगितलं तरी. नेट लागलं की राउटरच्या स्टेटस पानावरचा आयपी बघा. तो १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर पुतण्याला सांगा, पोर्ट उघडत बसू नकोस.

आणि पुढचा कॅमेरा घ्यायला जाल तेव्हा पैसे काढण्याआधी एकच प्रश्न विचारा: “याला आयपीव्ही६ चालतं का? खोक्यावर कुठे लिहिलंय दाखव.” पोरगा म्हणाला, “काका, याला सगळंच चालतं,” तर पाकीट खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.